दोन क्रेडिटचा पेपर : पदवीच्या वर्गातलं सामान्य शिक्षण समजून घेताना



एरवी आपण इथे अपूर्णांक, वाचनकोपरा, परिसर अभ्यासातले उपक्रम अशा विषयांवर बोलतो. आज थोडं वेगळं लिहिते आहे. विषय आहे पदवीच्या पहिल्या वर्षाचा. प्राथमिक शिक्षिकेला याचं काय पडलंय, असं तुम्हाला वाटेल. पण गावातल्या शिक्षकाकडे माणसं फक्त पहिलीच्या दाखल्यासाठी येत नाहीत. मुलगी बारावी झाली, पुढं काय, हे विचारायलाही ती आपल्याकडेच येतात. आपण मनाला येईल ते सांगतो आणि ती विश्वास ठेवतात. माझ्याकडून असंच एक चुकीचं सांगितलं गेलं. म्हणून हा लेख.

काय घडलं?

फेब्रुवारी संपत आला होता. आमच्या दिंडोरी तालुक्यात तेव्हा द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो. संध्याकाळी शाळा सुटताना एक आई भेटायला आली. द्राक्षतोडणीवरून थेट आली होती, हाताला चिकटपणा तसाच. तिची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. सातवीपर्यंत आमच्या शाळेत होती, आता नाशिकला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जाते.

"मॅडम, पोरीचा एक विषय गेला म्हणं. तो बी सायन्सचा नाही, इतिहासाचा! सायन्सच्या पोरीला इतिहास कशाला लावला? तिचे पप्पा म्हणता, जमत नसंल तर रोजचं बसभाडं कशाला घालायचं?"

मुलीला फोन लावला. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, रसायनशास्त्राला चांगले मार्क आहेत. तो दोन क्रेडिटचा ओईचा पेपर होता ना, त्याचा प्रकल्प मी दिलाच नाही. तुम्हीच म्हणाला होतात, मुख्य विषयावर लक्ष दे, बाकीचं होऊन जातं."

खरंच म्हणाले होते. जुलैमध्ये पेढे घेऊन आली होती तेव्हा. ओई म्हणजे काय हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, तरी मी सल्ला देऊन मोकळी झाले. तिच्या आईला म्हटलं, "ताई, मुलगी नापास नाही. एक पेपर राहिलाय, तो निघेल. घरी सांगा, मॅडम स्वतः बघतायत." मग बसून सगळं वाचून काढलं. जे समजलं ते सोप्या भाषेत मांडते.

सामान्य शिक्षण म्हणजे काय?

पदवीला गेलेला विद्यार्थी एका विषयात खोल जातो. त्याबरोबर प्रत्येक पदवीधराला काही गोष्टी यायलाच हव्यात असं विद्यापीठ मानतं. भाषेत नीट लिहिता-बोलता येणं, आपल्या देशाची आणि पर्यावरणाची जाण, दुसऱ्या एखाद्या विद्याशाखेची ओळख, हाताला एखादं कौशल्य. शाखा कोणतीही असली तरी हा भाग सगळ्यांना असतो. जगात याला 'जनरल एज्युकेशन' म्हणतात, आपण सामान्य शिक्षण म्हणू. सामान्य म्हणजे हलकं नव्हे, तर सर्वांसाठी समान असलेलं.

ही कल्पना आपल्याकडे कालपरवा आलेली नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948-49 मध्ये, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगानं पदवीच्या विद्यार्थ्यांना सामान्य शिक्षण द्यावं अशी शिफारस केली होती. मुंबई विद्यापीठात शिकलेल्यांना 'फाउंडेशन कोर्स' आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण अभ्यास पदवीला सक्तीचा झाला, त्यालाही वीस वर्षं उलटून गेली. मात्र तेव्हा हे विषय कडेला होते. आता ते पदवीच्या हिशेबात आले आहेत.

हा बदल राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे झाला. केंद्रीय मंत्रिमंडळानं 29 जुलै 2020 रोजी धोरण मंजूर केलं. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीचा नवा आराखडा दिला. महाराष्ट्र शासनानं 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयानं आपली रचना ठरवली आणि 2024 मध्ये तिच्यात सुधारणा केल्या. स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून ती लागू झाली. नाशिकची बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत, म्हणजे आपल्या मुलांना हीच रचना आहे.

क्रेडिट म्हणजे काय?

मराठीत श्रेयांक. मुलं क्रेडिटच म्हणतात, आपणही तेच वापरू. सोपा हिशेब असा :

- तासिकेचा विषय असेल तर 15 तासांचं 1 क्रेडिट.
- प्रात्यक्षिक असेल तर साधारण 30 तासांचं 1 क्रेडिट.
- एका सत्रात 20 ते 22 क्रेडिट.
- तीन वर्षांच्या पदवीला किमान 120, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान 160.

म्हणजे दोन क्रेडिटचा पेपर हा तीस तासांचा अभ्यास. आठवड्याला दोन तास धरले तर पंधरा आठवडे.

आता 120 मधले किती क्रेडिट कशाला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांसाठी ढोबळ वाटणी अशी आहे : प्रमुख विषय 60, गौण विषय 24, इतर विद्याशाखांतले विषय 9, भाषा 8, कौशल्य 9, मूल्यवर्धित विषय 6 ते 8 आणि उन्हाळी इंटर्नशिप 2 ते 4. महाराष्ट्रातली आकडेवारी थोडी वेगळी आहे, विद्यापीठानुसारही फरक पडतो. पण प्रमाण लक्षात घ्या. 120 पैकी 84 क्रेडिट प्रमुख आणि गौण विषयाचे, उरलेले 36 बाकीच्याचे. आपण ज्याला 'बाकीचं' म्हणून सोडून देतो, ते पदवीचे तीस टक्के आहेत!

लघुरूपांचं कोडं

मुलांच्या वेळापत्रकात नुसती अक्षरं दिसतात. आमच्या या मुलीच्या वहीवरून मी ती एकेक करून समजून घेतली.

1. मेजर आणि मायनर – प्रमुख विषय आणि त्याच्या जोडीचा गौण विषय. हे पालकांना माहीत असतं.

2. ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह – खुला वैकल्पिक विषय. आपल्या राज्यात हा विषय स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. विज्ञानाच्या मुलीला इतिहास का, याचं उत्तर इथं आहे. तो कुणी तिच्यावर 'लावला' नव्हता. दिलेल्या यादीतून तिनं तो निवडला होता, पण आपण निवड करतो आहोत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

3. एईसी – क्षमता संवर्धन, सरळ भाषेत भाषाविषय. इंग्रजी आणि मराठी, हिंदीसारखी आधुनिक भारतीय भाषा.

4. व्हीईसी – मूल्यशिक्षण. पर्यावरण, संविधान, लोकशाही यांसारखे विषय यात येतात.

5. आयकेएस – भारतीय ज्ञान प्रणाली. याची सर्वसाधारण ओळख सर्वांना असते.

6. एसईसी आणि व्हीएससी – कौशल्याचे विषय. पहिला सर्वसाधारण कौशल्याचा, दुसरा प्रमुख विषयाशी जोडलेला.

7. सीसी – सहअभ्यासक्रम. एन.एस.एस., एन.सी.सी., खेळ, योग, सांस्कृतिक उपक्रम. पूर्वी आवड म्हणून करायचो, आता त्याचे क्रेडिट मिळतात.

8. ओजेटी, एफपी, सीईपी – प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्रीय प्रकल्प, समाजात जाऊन करायचं काम. हे पुढच्या सत्रांत येतं.

यातले दोन ते पाच आणि सातवा म्हणजे आजच्या आपल्या विषयातलं सामान्य शिक्षण. सहावा आणि आठवा त्याला लागूनच आहेत.

दोन क्रेडिटनं काय फरक पडतो?

आकडेमोड करूनच पाहू. समजा, सत्राचे 22 क्रेडिट आहेत. त्यातल्या 20 क्रेडिटमध्ये मुलीला सरासरी 8 ग्रेड पॉइंट मिळाले. 20 गुणिले 8 म्हणजे 160. उरलेल्या दोन क्रेडिटच्या पेपरमध्ये :

- तिला 9 पॉइंट मिळाले, तर 160 + 18 = 178. भागिले 22, सरासरी 8.09.
- ती जेमतेम 4 पॉइंटवर सुटली, तर 160 + 8 = 168. भागिले 22, सरासरी 7.64.
- ती अनुत्तीर्ण झाली, तर 22 पैकी 20 च क्रेडिट जमा. पेपर पुन्हा देईपर्यंत सत्र अपुरं.

तिसरी ओळ नीट वाचा. रसायनशास्त्रातले जादा गुण इतिहासाच्या पेपरात वळवता येत नाहीत. प्रत्येक गटाचे क्रेडिट त्या त्या गटातूनच मिळवावे लागतात. हा पेपर छोटा असला तरी तो राहिला की पदवी अडते.

आणखी एक. यातले बरेचसे गुण वर्षभराच्या कामावर असतात : प्रकल्प, सादरीकरण, चाचणी. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून ते मिळत नाहीत. आमची मुलगी अडकली ती तिथंच. लेखी परीक्षेत तिला बरे गुण होते, प्रकल्पाच्या रकान्यात शून्य.

पण विज्ञानाच्या मुलीनं इतिहास शिकावाच कशाला?

नियम कळला, तरी आईचा प्रश्न उरतोच आणि तो योग्यच आहे. नियम आहे म्हणून शिक, हे उत्तर आपण चौथीतल्या मुलालाही देत नाही.

तिला प्रकल्प नव्यानं करायचा होता. विषय होता 'परिसरातील एक ऐतिहासिक वास्तू'. एप्रिलमधल्या एका रविवारी ऊन चढायच्या आत आम्ही पांडवलेणीला गेलो. ती, तिचा धाकटा भाऊ, मी आणि माझा मुलगा. नाशिकमधल्या प्रत्येक शिक्षकानं तिथं निदान एकदा तरी सहल नेलेली असते. मीही नेली आहे. पायऱ्या चढायच्या, 'बौद्ध लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची' एवढं सांगायचं, डबा खायचा, खाली उतरायचं. भिंतीवरचे लेख मी कधी वाचून दाखवले नव्हते, कारण मलाच ते माहीत नव्हते.

या वेळी तिच्याकडे सरांनी दिलेलं मराठी भाषांतर होतं. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. एका लेखात त्यानं भिक्षूंसाठी ठेवलेल्या कायम ठेवीची नोंद आहे. एकूण 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. ती गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे ठेवली. 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजानं आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 च्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे.

मुलगी वाचता वाचता थांबली. "मॅडम, हे तर सरळव्याज आहे! तुम्ही सहावीत शिकवलेलं."

तिथंच ओट्यावर बसून तिनं वहीत मांडलं. 2000 वर दरमहा एक टक्का, म्हणजे 20. बारा महिन्यांचे 240. आणि वीस भिक्षू गुणिले बारा, तेही 240. हिशेब तंतोतंत जुळला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं दगडावर कोरलेलं गणित एका रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीनं ताडून पाहिलं. तिचा भाऊ म्हणाला, "म्हणजे विणकर लोक बँक चालवायचे?" याचं उत्तर वाणिज्यवाल्यानं द्यायचं की इतिहासवाल्यानं, की दोघांनी मिळून?

पुढचा प्रश्न तिचा स्वतःचा होता. ही नाणी कशाची होती आणि आज कुठं आहेत? मग मी तिला जोगलटेंभीचं सांगितलं. नाशिकजवळच्या या गावी 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला आहे. राज्य जिंकलं, नाणी वितळवत बसला नाही, त्यांच्यावरच आपली खूण उमटवली. "पण मॅडम, चांदी किती शुद्ध होती हे कसं तपासतात?" इथं ती परत रसायनशास्त्रात आली, आणि या वेळी नव्या प्रश्नासह. नाण्यांच्या अभ्यासाची संशोधन संस्था आपल्याच अंजनेरीला आहे, हे ऐकून तर ती चाटच पडली.

ओपन इलेक्टिव्हचा हेतू हाच असावा, असं मला त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या विषयात गेलं की आपल्याच विषयाला विचारायचे नवे प्रश्न सापडतात.

लेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. मुलांना तिथंही नेलं. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या या माणसानं चित्रकला शिकली, छायाचित्रण केलं, छपाईचा व्यवसाय केला, जादूचे प्रयोगही केले. 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तेव्हा यातलं सगळंच कामी आलं.

आणखी एक उदाहरण मी नेहमी सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ला कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रमुख विषय अर्थशास्त्र. पण त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही वर्ग केले. जातिव्यवस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध त्यांनी मे 1916 मध्ये वाचला, तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. ते पदव्युत्तर शिक्षण होतं आणि तिथं कुणी सक्ती केलेली नव्हती. पण 'आपल्या विषयाबाहेर' म्हणून ते त्या वर्गात बसलेच नसते तर?

अडचणीही आहेत

सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. कागदावर मुलाला मोठी निवड आहे. प्रत्यक्षात महाविद्यालयात जेवढे शिक्षक, तेवढेच विषय. छोट्या गावातल्या महाविद्यालयात यादीत दोन-तीनच नावं असू शकतात. कधी वेळापत्रक जुळत नाही म्हणून हवा तो विषय मिळत नाही. शंभर-दीडशे मुलं एका वर्गात कोंबली तर चर्चा कसली व्हायची? बसनं येणाऱ्या मुलांना शेवटच्या तासाला असलेला हा पेपर सोडून स्टँड गाठावा लागतो. प्राध्यापकांनाही हे नवीन आहे. एका सत्रात नऊ-दहा तुकडे झाले की मुलांना प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं शिकल्यासारखं वाटतं, ही तक्रारही खोटी नाही.

म्हणूनच पालक आणि शिक्षक यांनी डोळे उघडे ठेवणं जास्त गरजेचं आहे. शहरातल्या शिकलेल्या घरात मोठा भाऊ, मावशी कुणीतरी सांगणारं असतं. आमच्या मुलीच्या घरात महाविद्यालयात गेलेली ती पहिलीच. तिथं ओई म्हणजे काय, हे सांगणारं माणूस म्हणजे आपण.

प्रवेशाच्या वेळी विचारायचे प्रश्न

हे कागदावर लिहून न्या. लाजू नका.

1. ओपन इलेक्टिव्हची यादी कुठं लावली आहे? यातले कोणते विषय या वर्षी खरोखर शिकवले जाणार आहेत?
2. प्रत्येक पेपर किती क्रेडिटचा आणि किती गुणांचा?
3. वर्षभराच्या कामाला गुण किती, लेखी परीक्षेला किती? दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं का?
4. प्रकल्प द्यायची तारीख कधी? राहिला तर पुन्हा केव्हा देता येतो?
5. पुढच्या वर्षात जायला किती क्रेडिट लागतात?
6. एन.एस.एस. किंवा खेळ घ्यायचा असेल तर नाव कुठं आणि केव्हापर्यंत नोंदवायचं?
7. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडलं का?

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं. ही बँक 2021 मध्ये सुरू झाली. इथं पैशांऐवजी क्रेडिट जमा होतात. घरच्या अडचणीमुळे मुलीला पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं, तर किमान 40 क्रेडिट आणि 4 क्रेडिटचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तिला प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनंतर अशाच पद्धतीनं पदविका. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. शेतमजूर कुटुंबातल्या मुलींसाठी ही फार मोठी सोय आहे. पण जमा झालेले क्रेडिटच उपयोगी पडतात, राहिलेले नाहीत. म्हणून तो दोन क्रेडिटचा पेपरही सोडायचा नाही.

विषय निवडताना

- 'सोपा कोणता' हे विचारण्याआधी 'मला कशाबद्दल कुतूहल आहे' हे विचारू द्या. कुतूहल असलं की तीस तास जड जात नाहीत.
- मैत्रिणीनं घेतला म्हणून घेऊ नये. मैत्रीण पुढच्या सत्रात बदलेल, गुणपत्रक बदलणार नाही.
- स्पर्धा परीक्षेचा विचार असेल तर इतिहास, भूगोल, संविधान, पर्यावरण हे विषय 'जादा' नाहीतच. राज्यसेवेच्या सामान्य अध्ययनात हेच असतं.
- कला शाखेच्या मुलांनी विज्ञान किंवा वाणिज्याचा विषय घ्यायला घाबरू नये. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेच्या मुलांसाठीच बेतलेला असतो.

आपण प्राथमिक शिक्षक काय करू शकतो?

मी डी.एड. केलं तेव्हा एकाच वर्गात मराठी, गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण असं सगळं शिकलो आणि शिकवायला लागलो. तज्ज्ञ कशाचेच नाही, असं कुणी हिणवलं की वाईट वाटायचं. आता वाटतं, विषयांच्या मधल्या भिंती अजून उभ्या राहिलेल्या नाहीत असा वर्ग फक्त आपल्याकडे आहे. चौथीतलं पोर एकाच तासात गोदावरीचा नकाशा काढतं, पुराचं पाणी किती वाढलं याची वजाबाकी करतं आणि आजीनं सांगितलेली पुराची गोष्टही लिहितं. त्याला कुणी विचारत नाही, तू सायन्सचा का आर्ट्सचा.

भिंती आपणच नंतर बांधतो. "गणितात हुशार आहे, बाकीचं राहू दे." "चित्रकलेचा तास आहे ना, मग तो गणिताला घेते." हे मीही केलंय. त्यातूनच मुलाच्या मनात पक्कं बसतं की काही विषय खरे आणि काही नुसते भरतीचे. तेच मूल बारा वर्षांनी दोन क्रेडिटचा प्रकल्प देत नाही. तेव्हा दोन गोष्टी करू या. एक, कला, कार्यानुभव, परिसर अभ्यासाचा तास दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही. दोन, गावातून महाविद्यालयात गेलेल्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एकदा शाळेत बोलवायचं, त्यांचं वेळापत्रक सोबत बसून वाचायचं. अर्धा तास लागतो. मी या वर्षीपासून सुरू करते आहे.

शेवटी

मुलीनं प्रकल्प पुन्हा लिहिला. त्यात एक पूर्ण पान सरळव्याजाच्या आकडेमोडीचं आहे. पेपरही दिला आणि तो निघाला. तिच्या आईला मी मांडणी करून समजावलं : "ताई, हे बघा, वीस टोपल्या भरून ठेवल्या आणि दोन राहिल्या, तर गाडी निघत नाही." त्यांना लगेच पटलं. हंगामात पेटी पुरी भरल्याशिवाय गाडी हलत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

परवा त्या पुन्हा आल्या होत्या. दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आहे. या वेळी हातात विषयांची यादी होती आणि मुलगी सोबत. मला म्हणाल्या, "मॅडम, आता तुम्ही सांगू नका. पोरीलाच निवडू द्या. आपण फक्त तारखा बघायच्या."

प्रवेशाचे दिवस आहेत. तुमच्या ओळखीच्या एखाद्या मुलाच्या शेजारी बसून ती यादी एकदा वाचा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, नाशिक